लिंबाजीचा हात, जानकीताईंचा ठसा

माझा उभा जन्म उलटं वाचण्यात गेला. घरच्यांना विचाराल तर उलटं वागण्यातही गेला, पण तो विषय वेगळा. मी सांगतोय ते छापखान्याचं. परंड्यात स्टँडकडून किल्ल्याकडं निघालात की वाटेत माझा छापखाना लागतो. पाटी आता राहिली नाही, शटर निम्मं उघडं असतं आणि आत मी बसलेला असतो.

जुनी छपाई ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शिशाचे खिळे असायचे. एका खिळ्याच्या डोक्यावर एक अक्षर, तेही आरशात दिसतं तसं उलटं. असे खिळे एकेक वेचून ओळी जुळवायच्या, ओळींचं पान करायचं, ते लोखंडी चौकटीत आवळून यंत्रात उभं करायचं. शाईचा रोलर त्यावरून फिरला आणि कागद येऊन चिकटला की उलट्याचं सुलट होतं. माझं यंत्र ट्रेडल. पाय शिलाई मशीनवर चालतो तसा चालवायचा, एका हातानं कोरा कागद आत ठेवायचा, दुसऱ्या हातानं छापलेला बाहेर काढायचा. यंत्राचा जबडा मिटायच्या आत हात बाहेर पाहिजे. इतकी वर्षं माझी सगळी बोटं शाबूत राहिली, याचा मला छापलेल्या कुठल्याही मजकुरापेक्षा जास्त अभिमान आहे.

अक्षरांचं उलटसुलट मला झोपेतही कळायचं. चित्रांनी मात्र एकदा चांगलाच हात दाखवला. लग्नपत्रिकेवरच्या गणपतीचा ब्लॉक आम्ही सोलापूरहून करून आणायचो. एका खेपेला नवा ब्लॉक आला, झकास होता, मी खुशीत गठ्ठाच्या गठ्ठा छापून मोकळा झालो. मुलीचे आजोबा पत्रिका न्यायला आले. त्यांनी एक पत्रिका डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ नेली.

"आण्णा, ह्यो कोन हाय?"

"गणपती की! दुसरं कोण असणार?"

"सोंड बघा."

सोंड उजवीकडं वळलेली! ब्लॉक करणाऱ्यानं चित्र उलटं धरलं होतं आणि साधा घरगुती गणपती उजव्या सोंडेचा झाला होता. आपल्याकडं उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक. त्याचं सोवळं, त्याचा नैवेद्य, सगळं काटेकोर लागतं.

"ह्यो गावोगाव वाटू व्हय म्या?" आजोबा घाबरेघुबरे झाले होते. "कुनाच्या घरी कोनाड्यात पडंल, कुनाच्या पायाखाली यील! लगीन हाय माझ्या नातीचं!"

सगळं पुन्हा छापून दिलं. तेव्हापासून भिंतीवर एक छोटा आरसा ठोकला. नवा ब्लॉक आला की आधी आरशात सोंड बघायची, मग शाईला हात लावायचा.

आता लिंबाजीबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. लिंबाजी सोनारीचा. तालुक्यातल्या भिंती त्याच्या आणि कागद माझा, अशी आमची वाटणी होती. निवडणूक आली की पत्रकं मी छापायची, भिंतीवर चिन्हं त्यानं रंगवायची. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं 'आईची कृपा', सगळं लिंबाजी. त्याची पद्धत ठरलेली. आधी वरची आडवी रेघ एका दमात ओढायची, मग तिला एकेक अक्षर टांगायचं. "रेघ सरळ आली की अक्षरं आपसूक रांगंला लागत्यात आण्णा," म्हणायचा. पाटी संपली की खाली कोपऱ्यात बारीक, तिरकं 'लिंबाजी पेंटर'. तेवढं लिहिल्याशिवाय शिडीवरून उतरायचा नाही.

मग फ्लेक्स आलं आणि ऑफसेट आलं. कॉम्प्युटरवर पोरं घटकेत पत्रिका करून देऊ लागली, भिंतीऐवजी चौकात कापडं लटकू लागली. मी खिळ्यांच्या पेट्यांवर पोती झाकली. लिंबाजी म्हशी सांभाळायला लागला. आणि एका सकाळी कडबा कुट्टीच्या यंत्रात त्याच्या सदऱ्याची बाही अडकली. ज्वारीचा कडबा बारीक करायचं हे यंत्र. पेंढी हातानं पुढं सरकवावी लागते. उजवा हात कोपराच्या वरपर्यंत गेला. पाट्या रंगवणारा हात तो. मी दवाखान्यात भेटायला गेलो आणि खाटेशेजारी नुसता बसून आलो.

पुढं त्यानं सोनारीत काळभैरवनाथाच्या देवळाजवळ नारळ-फुटाण्यांचं दुकान टाकलं. सोनारीला गेला असाल तर तिथली वानरं तुम्हाला ठाऊक असतील. देवळात, ओट्यांवर, घरांच्या माळवदांवर, सगळीकडं त्यांचंच राज्य. भाविक त्यांना फुटाणे देतात, त्यामुळं दुकान बरं चालायचं. अडचण वेगळीच होती. देवाचं काही आपण डाव्या हातानं देत नाही आणि घेतही नाही. लिंबाजीनं नारळ पुढं केला की गिऱ्हाइकाचा हात पुढं यायचा आणि अर्ध्यात थबकायचा. लोक वाईट नव्हते, सवयीनं व्हायचं ते. पण थबकलेला हात लिंबाजीला दिसायचा. शेवटी त्यानं एक पितळी ताटली आणली. डाव्या हातानं नारळ ताटलीत ठेवायचा, गिऱ्हाइकानं ताटलीतून उचलायचा. कोणाला अवघडल्यासारखं व्हायला नको.

निम्म्या तालुक्याची नावं लिहिणारा हा माणूस बँकेत अंगठा द्यायला लागला. मी एकदा म्हणालो, "अरे, डाव्यानं लिहून तर बघ."

"लिवनारा हात गेला आण्णा," तो म्हणाला. "ह्यो नुसता वझं उचलाया हाय."

फोटोही काढू द्यायचा नाही. कोणी मोबाइल समोर धरला की पाठ फिरवायचा.

एवढं झाल्यावर, म्हणजे ट्रेडल भंगारवाल्याला द्यायचं मी मनाशी जवळजवळ ठरवलं असताना, एका दुपारी शटरखालून वाकून एक उंच बाई आत आल्या. केस पिकलेले आणि आखूड, अंगात खादीचा कुर्ता, खांद्याला झोळी, गोऱ्यापान बोटांच्या नखांत काळी शाई. ती शाई बघूनच माझ्या मनात काहीतरी हललं.

"नमस्कार. आपल्याकडे छपाईचे जुने यंत्र आहे असे समजले. ते चालते का?"

अहो, काय मराठी ते! बाई पुण्यात राहून शिकल्या होत्या. आमच्या अख्ख्या गल्लीत इतकं शुद्ध कोणी बोलत नाही.

"यंत्र चालेल," मी म्हणालो, "चालवणाऱ्याचे गुडघे दुखतात."

बाई हॉलंडच्या. "नेदरलँड्स म्हणावे," असं त्यांनी मला लगेच दुरुस्त केलं. नाव यानेके. सोनारीत खोली घेऊन राहिल्या होत्या आणि गावानं त्यांची कधीच जानकीताई करून टाकली होती. पोटापाण्याचा उद्योग म्हणजे मुलांच्या पुस्तकांना चित्रं काढायची आणि जीव की प्राण म्हणजे ठसे. लिनोलियम नावाची जाड, मऊ चादर असते. तिच्यावर चित्र काढायचं, बारीक पटाशीनं कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर ठसा घ्यायचा. जेवढं कोरून काढलं तेवढं पांढरं, जेवढं ठेवलं तेवढं काळं. म्हणजे माझाच धंदा की हो! मी अक्षरांचा, त्या चित्रांच्या.

त्यांनी झोळीतून आपलं एक पुस्तक काढून माझ्यापुढं ठेवलं. त्यातलं एक पान मी अजून विसरलेलो नाही. एक म्हातारी होडी वल्हवतेय आणि होडीत गाय उभी आहे, अगदी शांत, एसटीत सीट मिळालेल्या बाईसारखी. चारी बाजूंनी पाणी. मी बोटानं चाचपून बघितलं, तर पाणी काढलेलंच नाही! गाईच्या पोटाखालून पानाच्या कडेपर्यंत नुसता कोरा कागद. आणि तरी ते पाणीच होतं, दुसरं काही असूच शकत नव्हतं. मी चष्मा पुसला, परत बघितलं. इतकी वर्षं मी कोरी जागा दिसली की तिथं वेलबुट्टी कोंबत आलो होतो.

"उद्याच या," मी म्हणालो. "ब्लॉक घेऊनच या."

त्या दिवशी मी पोती काढली, यंत्राला तेल पाजलं, गंज घासला. आमची ही दारात येऊन म्हणाली, "काय हसायलाव एकटंच?" मला कळलंही नव्हतं की मी हसतोय.

ट्रेडलवर छापायचं तर ब्लॉक बरोबर खिळ्यांच्या उंचीचा लागतो. केसभर कमी पडला तर शाई लागत नाही, केसभर जास्त झाला तर कागद फाटतो. जानकीताईंनी लिनो फळीवर चिकटवून आणला होता, तरी किंचित बुटका पडला. मी उरल्यासुरल्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून खाली सारत गेलो. एक पुठ्ठा, ठसा फिका. अजून एक पुठ्ठा, ठसा ठीक. मग एक पातळ कागद तेवढा सारला, पायाखालची फळी दाबली, जबडा मिटला, उघडला, आणि मी कागद उचलला.

मी ओरडलोच! सोनारीच्या देवळाच्या पायऱ्यांवर वानरांची ग्रामसभा भरलेली. एक म्हातारं वानर करवंटी मांडीवर घेऊन अध्यक्षस्थानी. दोघं एकमेकांच्या उवा बघत कामकाजाकडं दुर्लक्ष करतायत. मागच्या पायरीवर एक पिल्लू, नुसते डोळे आणि शेपूट. काळ्या शाईवर इतकं ऊन पडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आतून ही पिठाचे हात घेऊन धावत आली, तिला वाटलं माझी बोटं गेली. चित्र बघून म्हणाली, "अगंबाई, ह्यो तर माझ्या हातनं केळी पळवनारा!"

त्यानंतरचे दिवस काय सांगू! किल्ल्यावरच्या तोफेवर चढलेली शेळी छापली. ज्वारीची रास आणि राशीवर पालथा झोपलेला कुत्रा छापला. तेरच्या नदीकाठी धुणं आपटणाऱ्या बाया, चहाच्या टपरीवर वर्तमानपत्र वाटून वाचणारे चौघे, लोहाऱ्याला जाणाऱ्या जीपच्या मागं लोंबकळणारी माणसं. ताई जिल्हाभर भटकायच्या, वहीत चित्रं काढायच्या, खोलीवर बसून कोरायच्या आणि ब्लॉक घेऊन माझ्याकडं यायच्या. गुडघ्यांचं दुखणं मी साफ विसरलो. धाराशिवला एका सभागृहात प्रदर्शन ठरलं आणि ताईंनी मला सांगून टाकलं की पत्रिकेवर आपल्या दोघांची नावं असतील. मी तोंडदेखलं नको म्हणालो. एकदाच.

उलटसुलट होऊ नये म्हणून ताईंची पद्धत होती. वहीतलं चित्र त्या पारदर्शक कागदावर उतरवायच्या, तो कागद पालथा घालायच्या आणि मग लिनोवर गिरवायच्या. म्हणजे ब्लॉकवर चित्र उलटं आणि कागदावर सुलट. ही काळजी त्या नेहमी घ्यायच्या. फक्त एकदा राहिली.

झालं असं. सोनारीत आल्या त्या पहिल्याच दिवशी ताई लिंबाजीच्या दुकानात गेल्या होत्या. लिंबाजीनं सवयीनं ताटली पुढं ओढली. ताईंना ताटलीचं काही ठाऊक नाही. त्यांनी सरळ हात लांब केला, लिंबाजीच्या डाव्या हातातून नारळ घेतला, "आभारी आहे" म्हणाल्या आणि गेल्या. पुढं रोजच तसं. ताटली मध्ये असायची आणि ताईंचा हात तिच्यावरून पलीकडं जायचा. काही दिवसांनी लिंबाजी त्यांच्यापुरती ताटली बाजूला सारून ठेवायला लागला.

म्हणून ताईंनी चित्राचं विचारलं तेव्हा, फोटोला पाठ फिरवणारा लिंबाजी हो म्हणाला. पण दोन अटी घातल्या. "एकडाव बसनार ताई, फिरून न्हाय. अन् झाल्यावर आधी मला दावायचं. म्या न्हाय म्हनलो तर कागद कुनाला दिसता कामा नये."

ताईंनी कबूल केलं. एकदाच बसणार म्हटल्यावर त्या वही-बिहीच्या भानगडीत पडल्याच नाहीत. मोठा लिनो मांडीवर घेतला आणि समोर बसून थेट त्याच्यावर काढलं. नारळ पुढं करून बसलेला लिंबाजी. कोरायला किती दिवस घेतले कोण जाणे. माझ्याकडं ब्लॉक आणला तो कपड्यात गुंडाळून, तान्ह्या मुलासारखा.

ब्लॉक ट्रेडलच्या चौकटीत मावेना. मग ताईंनी झोळीतून लाकडी पळी काढली. शाई लावून कागद वर पसरायचा आणि मागून पळीच्या पाठीनं घासत बसायचं, ही त्यांची मोठ्या ठशांची रीत. आमच्या हिला ती पळी बघून हसू आवरेना. पण शाई लावलेला चेहरा बघितला आणि आम्ही सगळे ब्लॉकवर वाकलो. कपाळावरची आठी, हसू दाबलेले ओठ. मी इतका खुळावलो की भिंतीवरचा आरसा भिंतीवरच राहिला.

घासून झालं. ताईंनी कागद कोपऱ्यातून उचलत उचलत सोलून काढला. लिंबाजीच होता! वाटलं आता म्हणेल, काय आण्णा, चहा न्हाय का? आणि दुसऱ्या क्षणी माझी नजर खाली गेली.

कागदावरच्या लिंबाजीला उजवा हात होता. धडधाकट, शिरा दिसणारा, नारळ पुढं करणारा. डावी बाही तेवढी रिकामी लोंबत होती.

"अरे देवा," ताई म्हणाल्या. एवढं त्या सोनारीत शिकल्या होत्या. 

काय करायचं यावर आमची चर्चा झाली. ताई म्हणाल्या, त्यांच्या देशात जुन्या लोकांनी अख्खी शहरं ठशांत उलटी छापलीत. नदी इकडची तिकडं, देऊळ तिकडचं इकडं, आणि कोणी हूं की चूं करत नाही. पण नदीला अपमान वाटत नाही, हेही त्याच म्हणाल्या. हिनं चित्र हातात घेतलं, तिचे डोळे भरून आले. "कसा पयल्यासारखा दिसतुया," म्हणाली. "असूंद्या की ओ असंच."

मलाही तेच वाटत होतं. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. यंत्रानं नेलेला हात छपाईनं परत दिला! उजव्या हातानं नारळ देणारा लिंबाजी धाराशिवच्या भिंतीवर लागणार, कोणाचाही हात थबकणार नाही. मी ताईंना हे सगळं मोठ्या उत्साहात पटवत होतो. त्या मान हलवत होत्या, हो म्हणून की नाही म्हणून ते कळत नव्हतं.

"आपण त्यांनाच दाखवू," शेवटी म्हणाल्या. "तसे वचन आहे."

कागद वाळल्यावर गुंडाळी करून आम्ही जीपनं सोनारीला निघालो. वाटेत माझा उत्साह कमी कमी होत गेला. त्याला वाटलं की आपण थट्टा केली तर? तो नाही म्हणाला तर ताईंचा सगळ्यांत सुंदर ठसा फाडावा लागणार होता, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे तो परत कोणाकडं तोंड करून बसला नसता. 

लिंबाजीनं फुटाण्यांची पाटी झाकली, ओट्यावर जागा केली. त्याची बायको कौसा मागून डोकावली. ताईंनी कागद उलगडून धरला.

कौसानं पदर तोंडाला लावला. लिंबाजी बघत राहिला. चेहऱ्यावरून त्याची नजर खाली आली, उजव्या हातावर थांबली. मग रिकाम्या बाहीवर गेली आणि तिथंच राहिली.

"ह्यो हात कुठं घावला तुमाला?" त्यानं विचारलं.

ताई त्यांच्या शुद्ध मराठीत समजावू लागल्या, मी मध्ये घुसलो, गणपतीच्या सोंडेपासून सुरुवात केली. म्हणालो, "उलटं झालंय खरं, पण बघ तरी, पहिल्यासारखा दिसतोस. राहू दे की."

"आण्णा, तुमी गप बसा." लिंबाजी माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. "उजवा कुट्टीनं नेला, ते समजतंय मला. यंत्राला काय डोळं हायेत? पन डाव्यानं काय पाप केलं? म्हशी ह्यानं धुतल्या. नारळ ह्यानं फोडलं. लेकीला लग्नात हाताला धरून बव्हल्यावर ह्यानं नेली. अन् तुमी चित्रात त्योच उडवला व्हय?"

 तो ताईंकडं वळला. आवाज एकदम खाली आला.

"ताई, तुमी ह्या हातातनं नारळ घेतला. म्हनून बसलो म्या तुमच्या म्होरं. त्योच न्हाय ह्यात."

जानकीताई रडत होत्या आणि हसतही होत्या. त्यांनी तो कागद मधोमध फाडला. शांतपणे तुकडे झोळीत ठेवले आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. मी नवीन कोरीन. तुम्ही पुन्हा बसाल का?"

"एकडाव म्हनलो हुतो," लिंबाजी म्हणाला. मग मिशीत हसला. "पन त्यो म्या नव्हतोच. तवा ह्योच पयला डाव."

प्रदर्शन तोंडावर आलं होतं. वहीत काढून, उलटवून, गिरवायला सवड नव्हती. ताई म्हणाल्या, त्यांच्याकडचे जुने लोक माणसासमोर आरसा लावत, आरशातलं बघून थेट ब्लॉकवर काढत. ठसा आपोआप सुलट येतो. माझा आरसा गणपतीपुरता. मग शेजारच्या केशकर्तनालयातला मोठा आरसा भिंतीवरून उतरवला, गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी तो धरून मदतीला आलं, आणि ओट्यावर आरसा उभा राहिला.

आरसा बघून वानरांची ग्रामसभा उठली. आधी एक आलं, आरशातल्या वानराला दात दाखवले. त्यानंही दाखवले. हा अपमान सहन न होऊन त्यानं आरशामागं जाऊन बघितलं, तिथं कोणी नाही, परत पुढं आलं, तर हरामखोर हजर! मग बाकीचे आले. कौसा काठी घेऊन एका बाजूला, अर्ध्या दाढीचा माणूस दुसऱ्या बाजूला, मी फुटाण्यांची पाटी कवटाळून मध्ये. या सगळ्या गोंधळात लिंबाजी हलला नाही. डाव्या हातात नारळ धरून, आरशातल्या स्वतःच्या डोळ्याला डोळा लावून बसला होता. अपघातानंतर त्यानं स्वतःला इतका वेळ बघितलं नसावं. ताई आरशाकडं बघत होत्या आणि त्यांचा हात लिनोवर धावत होता. मी इतका खूश होतो की एका वानरानं माझी टोपी नेली तेही मला नंतर कळलं.

नवा ब्लॉक कोरून झाला त्या दिवशी लिंबाजी स्वतः परंड्याला आला. इस्त्रीचा सदरा, रिकामी बाही नीट घडी घालून पिन लावलेली. मी शाई लावली, ताईंनी कागद पसरला आणि पळी उचलली. मग थांबल्या आणि ती लिंबाजीपुढं धरली.

"मला न्हाय जमायचं."

"वझं उचलायला जमतं ना?" मी म्हणालो. "मग दाब."

त्यानं पळी घेतली. आधी घाबरत, मग जोरात. कपाळापासून सुरुवात केली, खांद्यावर आला, दंडावर आला, आणि हातापाशी आल्यावर बराच वेळ तिथंच घासत राहिला. ताईंनी कागदाचा एक कोपरा त्याच्या बोटांत दिला, दुसरा स्वतः धरला आणि दोघांनी मिळून कागद सोलला.

डावा हात वर आला. नारळासकट. नखांसकट. मनगटावरच्या काळ्या दोऱ्याच्या गाठीसकट.

 ताईंनी शिसपेन्सिल घेतली आणि चित्राखालच्या कोऱ्या पट्टीवर उजव्या कोपऱ्यात आपली सही केली. ठसा करणारे तशी करतात. मग पेन्सिल लिंबाजीकडं केली.

"तुम्ही छापले आहे. तुमचीही हवी."

मी शाईची गादी शोधायला वळलो. अंगठ्यासाठी. मला तेवढंच सुचलं. वळून बघतो तो लिंबाजी टेबलावर वाकलेला. पेन्सिल डाव्या हातात. तिचं टोक कागदावर टेकलेलं. मग त्यानं श्वास आत घेतला आणि आडवी रेघ ओढली. एका दमात. सरळ!

मी गादी तिथंच ठेवली. रेघेखाली एकेक अक्षर टांगत तो पुढं सरकत होता. काही जाड झाली, एक कलंडलं, पण सगळी रेघेला धरून राहिली. बारीक, तिरकं, कोपऱ्यात. लिंबाजी पेंटर.

तो सरळ झाला, मान तिरकी करून लांबून बघितलं, पाटी संपल्यावर बघायचा तसंच.

"आण्णा," म्हणाला, "दुसरा कागद आना. पेंटरमधलं र वाईच ढिलं झालंय."